निरुपायाची सहल

कुटुंबाला घेऊन सहलीला जायचं आणि पर्यावरणाला धक्काही लावायचा नाही, हा बेत एकट्या माणसाला फार सोपा वाटतो. एकटा माणूस खांद्याला झोळी लावतो, पहाटेची लोकल पकडतो, देवळाच्या ओवरीत झोपतो आणि परत आल्यावर त्यावर लेख लिहितो. कुटुंबाचं तसं नसतं. कुटुंबात आई असते आणि तिचे गुडघे असतात. नववीतला मुलगा असतो आणि त्याचा चार्जर असतो. बायको असते आणि तिला मागच्या सहलीतल्या हॉटेलची चादर आठवत असते. आमच्याकडे याशिवाय ताई, तिची मुलगी आणि भावोजी असतात, आणि भावोजींकडे सात जणांची गाडी आहे. सात जणांची गाडी ज्याच्या दारात असते, त्याला सुट्टीच्या दिवशी ती नुसती उभी असलेली बघवत नाही.

चिरंजीवांना शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प होता. पाणी, वीज, कचरा वगैरे विषय वर्गातल्या हुशार मुलांनी आधीच पटकावले होते, म्हणून यांच्या वाट्याला 'प्रवास' आला. त्याने आमच्या महाबळेश्वरच्या सहलीचा हिशेब मांडला. डोंबिवलीहून जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. गाडी लिटरला पंधरा देते असं भावोजी सांगतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही इतकी खात्री नसावी, पण धरू. म्हणजे तेहेतीस लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरभर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो, मग त्यातून दोन किलोंवर वायू कसा निघतो, ही माझी शंका त्याने "बाबा, कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो" असं सांगून, मान वर न करता मिटवली. एकूण बेरीज ७६ किलो. भावोजींचं वजनही तेवढंच. म्हणजे एक भावोजी पुढे बसून स्टिअरिंग फिरवत होते आणि तेवढ्याच वजनाचे दुसरे भावोजी आम्ही खंबाटकीपासून पसरणीपर्यंत थोडे थोडे हवेत सोडत चाललो होतो.

हा हिशेब भावोजींना दाखवला नाही. जावई माणूस, आईने दाखवू दिला नसता.

खरं सांगायचं तर सात जणांनी भरलेली गाडी हा काही मोठा गुन्हा नव्हे. माणशी अकरा किलो पडले. विमानाने गोव्याला जाणाऱ्या कुटुंबापुढे आम्ही संतच. पण भरलेली गाडी म्हणजे माणसांनी भरलेली गाडी, असं कागदावर असतं. आमच्या गाडीत माणसं शेवटी बसतात. आधी इडलीपात्र जातं, कारण तिथे चांगली इडली मिळेल न मिळेल. मग दोन छत्र्या, डिसेंबर असला तरी. मग उशा. मग पत्त्यांचा कॅट, बॅडमिंटनच्या रॅकेटी, औषधांचा डबा, आणि 'असू दे' या सदरात मोडणाऱ्या तीन पिशव्या, ज्या परत येईपर्यंत कुणी उघडत नाही. एवढं झाल्यावर सात माणसं मावत नाहीत, मग "तुझीही गाडी काढतोस का?" असा प्रस्ताव येतो.

मधल्या काळात घरात जागृतीही झाली. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा थर्माकोलच्या ताटल्या गेल्या. बायकोने सुपारीच्या पानांच्या ताटल्या आणल्या. दिसायला सुंदर; नैसर्गिक शिरा, मातकट रंग, हातात घेतल्यावर आपण फार चांगले लोक आहोत असं वाटायला लावणाऱ्या. त्या दहा-दहाच्या गठ्ठ्यात होत्या आणि प्रत्येक गठ्ठा घट्ट ताणलेल्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात होता. वरच्या कागदावर हिरवं पान छापलं होतं. ते प्लॅस्टिक दातांनीच फोडावं लागलं. आईने हे सगळं पाहिलं आणि मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या काढून पिशवीत घातल्या. "त्या घासाव्या लागतील," बायको म्हणाली. "मग आपण तिथे जाऊन दुसरं काय करणार आहोत?" आई म्हणाली.

आईच्या लहानपणीचा प्रवास म्हणजे राजापूरकडच्या आजोळी जायचं. कोकण रेल्वे यायला तेव्हा अजून काही दशकं होती. ती पुरी धावू लागली १९९८ साली. कधी बोट, नंतर एसटी. लाल डबा रात्रभर घाट चढ-उतर करायचा. सोबत वळकटी, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, दशम्या आणि लसणाची चटणी. वाटेत जो कचरा व्हायचा तो केळ्याच्या सालींचा, आणि तीही स्टँडवरची गाय खायची. हे सगळं ऐकून मुलगा फार प्रभावित झाला. प्रकल्पाच्या वहीत 'आमची आजी : एक पर्यावरणवादी' असं पान टाकायचं म्हणाला. आईने ते पान टाकू दिलं नाही. "अरे, आम्ही कुठले वादी! दुसरं काही मिळतच नव्हतं. बाटलीतलं पाणी मिळत असतं तर कोण तांब्या वाहत बसलं असतं?"

माझ्या मते या विषयावर ऐकलेलं हे सर्वांत प्रामाणिक विधान आहे. जुन्या लोकांच्या साधेपणाचे आपण गोडवे गातो, पण तो बराचसा निरुपाय होता. आता उपाय झाले आहेत, आणि चार उपाय समोर असताना त्यातला कष्टाचा निवडायला जी मनाची ताकद लागते, ती आमच्या घराण्यात नाही. एकट्यादुकट्यात कधी येते; सात जणांत येत नाही. सहा जण कबूल झाले तरी सातव्याचे पाय दुखतात, आणि सातवा कुणीही असू शकतो.

हॉटेलवाले तर या बाबतीत आपल्याहून हुशार. हल्ली बऱ्याच ठिकाणी न्हाणीघरात एक कार्ड लावलेलं असतं : पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. एका हॉटेलात आईने ते चष्मा लावून वाचलं. "घरी आपण आठवडाभर एकच टॉवेल वापरतो, तेव्हा काय वाचवत होतो?" त्या हॉटेलात कारंजं होतं, तीन तरणतलाव होते, आणि रिकाम्या बॅंक्वेट हॉलमध्ये एसी चालू होता. पृथ्वी वाचवायचं काम तेवढं आमच्या टॉवेलवर सोपवलेलं होतं.

तेव्हा माणसांना सुधारण्याचा नाद सोडून मी असं गाव शोधायला लागलो, जे आमच्यापुढे उपायच ठेवणार नाही. असं गाव शोधायला लांब जावं लागलं नाही. डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडली की पाऊण तासाच्या आसपास नेरळ येतं, आणि नेरळच्या डोक्यावर माथेरान आहे.

माथेरान सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून कुणी नीट बघत नाही. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने हा डोंगर इंग्रजांच्या नकाशावर आणला. जवळपास आठशे मीटर उंची, जांभ्याची लाल माती, दाट झाडी. पुढे साहेबांचे बंगले आले, मुंबईच्या शेटजींचे आले, पण मोटार काही वर आली नाही. २००३ साली केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं आणि मोटारबंदीला कायद्याची भक्कम भिंत मिळाली. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर पेट्रोल-डिझेलवर चालणारं वाहन गावात शिरू शकत नाही. मंत्र्याचं नाही, संत्र्याचं नाही आणि भावोजींचंही नाही.

गाड्या थांबतात ती जागा म्हणजे दस्तुरी नाका. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक सहलीचा अभ्यास करायचा असेल त्याने एखाद्या शनिवारी सकाळी दहा वाजता दस्तुरीला उभं राहावं. एकेक गाडी येते, दारं उघडतात आणि माणसं उतरतात. मग सामान उतरतं, आणि ते उतरतच राहतं. गाडीत असताना ज्या सामानाला वजन नव्हतं, त्याला जमिनीवर ठेवल्याबरोबर वजन येतं. इथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. मग त्या कुटुंबात एक शांतता पसरते आणि सगळे जण त्या एका माणसाकडे बघतात ज्याने इडलीपात्र घ्यायला सांगितलं होतं.

पहिल्या खेपेला आम्हीही गाडीनेच गेलो होतो. भावोजी नाक्यावरच्या माणसाजवळ गेले. आवाज खाली आणून म्हणाले, "नुसतं सामान हॉटेलवर टाकून येतो. काही पावती वगैरे असेल तर..." तो माणूस रागावला नाही, हसला नाही, उपदेशही केला नाही. हा प्रश्न त्याला सकाळपासून किती जणांनी विचारला असेल हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "साहेब, गाडी तिकडे लावा. सावलीत जागा आहे," एवढंच म्हणाला. भावोजींनी गाडी सावलीत लावली. दोनदा मागे वळून पाहिलं. कुठल्याही शिबिराने, भाषणाने किंवा शाळेच्या प्रकल्पाने जे झालं नसतं ते एका वाक्यात झालं.

तिथून पुढे पर्याय होते, पण ते सगळे हळू जाणारे. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनावरून माथेरान स्टेशनापर्यंत छोट्या रेल्वेगाडीची शटल असते. आई, ताई आणि भाची त्यात बसल्या. आम्ही उरलेले चालत निघालो. चाकांच्या बॅगांची खरी परीक्षा माथेरानच्या मातीत होते. विमानतळाच्या फरशीसाठी जन्मलेली ती चाकं. दोनशे पावलांत त्यांत लाल भुगा भरला, मग एक चाक फिरायचं थांबलं, मग दुसरं, आणि बॅग नांगर झाली. भावोजींच्या मागे मातीत दोन सरळ रेघा उमटत गेल्या. शेवटी एका हमालाने दोन्ही बॅगा एकावर एक करून डोक्यावर घेतल्या आणि तो आमच्या पुढे झपाझप निघाला. चाकांची बॅग माणसाच्या डोक्यावर आणि चारही चाकं आभाळाकडे! प्रवासी सामानाच्या जाहिरातीत हे चित्र यायला हरकत नाही.

माथेरानात आणखी एक गोष्ट दिसते, जी इतर ठिकाणी झाकलेली असते. तिथे प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पाठीवरून आलेली असते. समोरून घोडा आला, त्याच्या दोन्ही बाजूंना गॅसचे सिलिंडर बांधलेले. मागून बटाट्याची पोती आली. एका घोड्यावर गादी होती. संध्याकाळी हॉटेलात बटाट्याची भाजी पानात उरली तेव्हा बायकोने मुलाकडे नुसतं पाहिलं, आणि त्याने ती संपवली. घरी याच भाजीवरून आमच्याकडे आठवड्यातून दोनदा महायुद्ध होतं.

पहिला अर्धा दिवस मात्र कठीण गेला, ते लपवण्यात अर्थ नाही. पांढरे बूट लाल झाले. भाचीने "अजून किती?" हा प्रश्न झाडागणिक विचारला. मुलाचं नेटवर्क येत-जात होतं आणि तो मोबाइल वर धरून चालत होता. भावोजींना पॉइंटांची काळजी लागली होती. माथेरानला तीस-पस्तीस पॉइंट आहेत, आणि महाबळेश्वरला गाडीने एका दिवसात बारा 'केले' होते. इथे संध्याकाळपर्यंत शार्लोट तलाव, लुईझा आणि इको एवढेच झाले. पण झालं असं की लुईझावर आम्ही तासभर बसलो, कारण उठून लगेच चालायची कुणाची तयारी नव्हती. तासभर एका जागी बसलं की समोरच्या दरीत बरंच काही घडत असतं हे कळतं. मुलाला वाटेत शेकरू दिसलं. राज्यप्राणी म्हणून पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं ते, अंजनीच्या झाडावर झुपकेदार शेपूट लोंबकळत टाकून काहीतरी कुरतडत बसलेलं. फोटो काढायला मोबाइल काढला तर चार्ज संपला होता. म्हणून मग त्याने ते पाहिलं.

माकडांबद्दल सांगितलं पाहिजे. माथेरानच्या माकडांना वेफर्सच्या पाकिटाचा आवाज चांगला ओळखीचा आहे. कुठेतरी चुरचुर झालं की झाडावरून दोन उतरतात. भाचीचं पाकीट असंच गेलं. माकडाने ते व्यवस्थित फाडलं, वेफर्स खाल्ले आणि रिकामं पाकीट दरीत टाकलं. ही टाकायची पद्धत ते कुणाकडून शिकलं असेल, यावर आमच्यात चर्चा झाली नाही. आईने पिशवीतून डबा काढला तेव्हा त्याने एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. स्टीलच्या डब्यात दशमी असते हे त्याला माहीत नव्हतं. एवढा एक मुद्दा स्टीलच्या डब्याच्या बाजूने मी आजवर कुठे वाचलेला नाही.

आता माथेरान म्हणजे स्वर्ग असं कुणी समजू नये. शेकडो घोडे चालतात त्या वाटेवर लीदही तेवढीच असते, आणि उन्हाळ्यात तिची धूळ मातीबरोबर नाकात जाते. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे आम्ही गेलो तेव्हाची हातरिक्षा. कुणी पुढून ओढणार, कुणी मागून ढकलणार, आणि एक जण आत बसणार. धुराच्या दृष्टीने पाहिलं तर याहून स्वच्छ वाहन दुसरं नाही. आईचे गुडघे पाहून एकाने विचारलंही, "आजी, बसा. बाजारपेठेत सोडतो." आई म्हणाली, "बाबा, तू माझ्या मुलाच्या वयाचा. मी बसून राहू आणि तू ओढणार?" ती बसली नाही, पण त्याचा रोज बुडाला हेही तिला दिवसभर खात राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारी ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करायला आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करायला सांगितलं. ई-रिक्षांवरून गावात वाद भरपूर आहेत. घोडेवाल्यांना धंद्याची भीती, शाळेच्या पोरांना रोजची पायपीट वाचल्याचा आनंद, आणि जुन्या माथेरानप्रेमींना आज बॅटरीचं वाहन आलं तर उद्या काय येईल ही शंका. माझं मत विचाराल तर माणसाने माणसाला ओढण्यापेक्षा बॅटरीने ओढलेलं कधीही बरं. धूर नाही एवढ्यावरून एखादी गोष्ट चांगली ठरत नाही. तिच्याखाली कोण घामाघूम होतंय तेही बघावं लागतं.

रात्री भावोजींना झोप लागेना. डोंबिवलीत त्यांची खोली स्टेशनच्या बाजूला. इथे हॉर्न नाही, रिव्हर्सचं संगीत नाही, सायलेन्सर काढलेली बाइक नाही. "काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. दुसऱ्या रात्री मात्र ते साडेनऊला झोपले, आणि त्यांच्या घोरण्याने आम्हाला घरच्यासारखं वाटलं.

पुढे एकदा आम्ही गाडी घरी ठेवून लोकलने नेरळला उतरलो आणि छोट्या गाडीने वर गेलो. ही गाडी आदमजी पीरभॉय घराण्याने सोळा लाख रुपये खर्चून बांधली आणि १९०७ साली ती सुरू झाली. रुळांतलं अंतर फक्त दोन फूट. वीस किलोमीटरच्या आसपासचा घाट चढायला दोन तासांहून जास्त लागतात, कारण ती डोंगराला वळसे घालत, जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशा स्टेशनांवर दम खात जाते. २००५ च्या अतिवृष्टीत तिचे रूळ वाहून गेले होते, तरी दोन वर्षांत ती पुन्हा उभी राहिली. नंतरही अनेकदा बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. वाटेतल्या एवढ्याशा बोगद्याला 'वन किस टनेल' म्हणतात. बोगदा आला तेव्हा आई मोठ्याने रामरक्षा म्हणत होती, त्यामुळे नावाचा अर्थ मुलांना सांगावा लागला नाही. भावोजींनी घड्याळ लावून वेग काढला : ताशी दहाच्या आतबाहेर. आणि मुलाने इंजिनाकडे बोट दाखवून जाहीर केलं, "बाबा, हे डिझेल आहे. आणि लोकलची वीजही कोळशातून येते." येते. पण एका लोकलमध्ये काही हजार माणसं असतात, आणि त्यांतल्या कुणीही इडलीपात्र आणलेलं नसतं.

शहाणं गाव कसं असावं याचा आणखी एक नमुना आम्ही वेळासला पाहिला. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं हे गाव. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की थोड्या अंतरावर लागतं. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं. अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात आणि त्यांना समुद्राकडे सोडतात. ते बघायला लोक येऊ लागले, तेव्हा गावाने हॉटेल बांधलं नाही. घरांतच राहायची सोय केली. तुम्ही कुणाच्या तरी पडवीत झोपता, त्या घरात जे शिजेल ते जेवता, आपलं ताट मोरीत नेऊन ठेवता. आमच्या घरमालकीणबाईंनी घावन आणि नारळाचा रस वाढला आणि भावोजींनी इडलीचा विषय कायमचा सोडला.

सकाळी किनाऱ्यावर दोरी बांधलेली असते. दोरीच्या अलीकडे माणसं, पलीकडे कासवं. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, ओरडायचं नाही. कार्यकर्त्याने घरट्यावरची टोपली उचलली तर खाली काहीच नव्हतं. "आज नाही," तो म्हणाला. गर्दीतून एक गृहस्थ पुढे आले. ते भावोजी नव्हते, हे मुद्दाम नमूद करतो. "आम्ही एवढ्या लांबून आलोय. मग कधी दिसतील?" कार्यकर्ता म्हणाला, "बघू संध्याकाळी. ती आम्हाला सांगून येत नाहीत." संध्याकाळी पिल्लं आली. तळहातात मावतील एवढी, काळसर. वाळूतल्या माणसाच्या पावलाच्या खड्ड्यात एक पिल्लू अडकलं. धडपडत काठावर यायचं आणि घसरून परत आत. भाचीने दोरीखालून हात पुढे केला, आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच मागे घेतला. ते पिल्लू आपलं आपण वर आलं. लाट आली, ते दिसेनासं झालं, आणि तीसेक अनोळखी माणसांनी एकदम श्वास सोडला.

प्रवासी म्हणून या जातीपुढे आपण काहीच नाही. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर ज्या मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला क्रमांकाची पट्टी लावली होती, ती २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून. बरोबर सामान काही नाही. भावोजींनी हे ऐकून लिटरमागे किती, असं विचारलं नाही, यावरून त्यांच्यात किती फरक पडला आहे ते कळावं.

फरक पडला आहे तो त्या गावांत असतानाच, हेही खरं. डोंबिवलीत परतल्यावर ते कोपऱ्यावर दूध आणायला गाडीच काढतात. म्हणून कुटुंबांनी शहाणं व्हावं अशी वाट बघण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. गावांनी व्हावं. महाबळेश्वरच्या वेशीवर एक दस्तुरी नाका झाला, लोणावळ्याला एक झाला, आणि आत चांगल्या विजेच्या बस धावल्या, तर एका हंगामात सगळा महाराष्ट्र पर्यावरणप्रेमी होईल, आणि आपल्याला मुळापासूनच त्याची आवड होती असंही सांगेल. नियम एकदा सगळ्यांना सारखा झाला की घरात भांडण राहत नाही. जावयाला कुणी काही बोललं असंही होत नाही.

तोवर माथेरान आहेच. जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. ऑफिसच्या गर्दीच्या उलट दिशेला जाणारी कर्जत लोकल सकाळी बऱ्यापैकी रिकामी मिळते. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी छोटी गाडी बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालते, तेव्हा नेरळ स्टेशनबाहेरून दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी घ्या. पाठीला लावता येईल तेवढंच सामान घ्या, आणि पाण्याची बाटली घरून भरून न्या. छोट्या गाडीच्या तिकिटाला खिडकीवर मोठी रांग असते. तिथे आधी जाऊन उभं राहायला भावोजींना पाठवा; गाडी नसली की त्यांना वेळ असतो.